डोळ्यातील इंजेक्शन : एका सुईचा नव्हे, वर्षाचा हिशेब विचारा

मुखेड तालुक्यातील एक निवृत्त गुरुजी गेल्या मे महिन्यात माझ्याकडे आले. वय अडुसष्ट, मधुमेह सतरा वर्षांचा. उजव्या डोळ्याने समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, कडेकडेचे तेवढे दिसते, ही तक्रार. पिशवीतून त्यांनी जपून ठेवलेली फाईल काढली. दीड वर्षापूर्वी एका मोठ्या शहरातील दवाखान्यात त्याच डोळ्यात इंजेक्शन दिले गेले होते. तपासण्या धरून बिल सव्वीस हजार. बिलामागच्या कागदावर पुढची तारीख लिहिलेली होती, बरोबर एका महिन्यानंतरची. त्या तारखेला गुरुजी गेलेच नव्हते.

"कामून गेले नाहीत, गुरुजी?" मी विचारले.

"डॉक्टर साहेब, पहिल्या सुईला सोयाबीन गेलं. दुसरीला काय विकावं? अन् एवढी महागाची सुई म्हणल्यावर एकदाच घ्यावी लागत असंल, असं वाटलं मला."

फाईल चाळताना तळाशी पहिला कागद निघाला, तो माझ्याच हातचा. 'पडद्यावर सूज आहे, इंजेक्शनसाठी पाठवीत आहे', एवढ्या एका ओळीवर मी गुरुजींना रवाना केले होते. किती इंजेक्शने लागतील, याच्या जागी दुसरे कोणते चालेल, वर्षाकाठी किती खर्च येईल, यातले एक अक्षर मी त्यांना सांगितले नव्हते. पडद्याच्या मध्यभागी सूज दीड वर्ष मुरली की तिथल्या पेशी मरतात, आणि मग कोणतेही औषध त्यांना उठवीत नाही. गुरुजींच्या उजव्या डोळ्याची वाचण्याची नजर गेली ती गेली. आजचा लेख त्या एका ओळीची भरपाई म्हणून लिहीत आहे, असे वाचकांनी समजावे.

प्रथम हे इंजेक्शन काय आहे ते पाहू. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला जो पडदा असतो त्यावर चित्र उमटते. मधुमेहात या पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात. पडद्याला रक्त कमी पडले की तो एक रासायनिक संदेश सोडतो, त्याला व्हीईजीएफ असे नाव आहे. या संदेशामुळे वाहिन्या अधिकच पाझरतात, शिवाय नव्या, कच्च्या वाहिन्या फुटतात. पाझरलेले पाणी मध्यभागी साचले की वाचता येत नाही. कच्ची वाहिनी फुटली की लोक म्हणतात तसे 'डोळ्यात रक्त उतरते'. म्हातारपणी पडद्याची मधली जागा झिजून तिथे वाहिन्या उगवण्याचा आजारही असतो, आणि पडद्याची शीर तुंबण्याचाही. या सर्वांत तो व्हीईजीएफचा संदेश दाबून टाकणारे औषध बुबुळाशेजारच्या पांढऱ्या भागातून अगदी बारीक सुईने डोळ्यात सोडतात. थेंबांनी डोळा बधिर केलेला असतो. सुई आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत काही सेकंद लागतात. लोकांना भीती सुईची वाटते. प्रत्यक्षात रुग्ण उठून विचारतो, झालं का?

आता मुख्य मुद्दा. हे औषध डोळ्यात महिना-दीड महिना टिकते. त्यानंतर संदेश पुन्हा सुरू होतो, सूज पुन्हा येते. म्हणून पहिले काही महिने बहुधा दर महिन्याला एक, आणि पुढे तपासणी पाहून अंतर वाढवीत, असा क्रम असतो. मधुमेहाच्या सुजेला पहिल्या वर्षात सात ते दहा इंजेक्शने लागणे ही नेहमीची गोष्ट आहे. दुसऱ्या वर्षी ती बरीच कमी होतात. थोडक्यात, ही मोतीबिंदूसारखी एकदा करून विसरायची गोष्ट नाही. आणि घोळ इथेच होतो. आपल्याकडे 'डोळ्याचा इलाज' म्हटले की शिबिर, बस, हिरवी पट्टी आणि काळा चष्मा एवढेच डोळ्यांसमोर येते. १९७६ साली सुरू झालेला राष्ट्रीय अंधत्व निवारण कार्यक्रम मुख्यतः मोतीबिंदूभोवतीच उभा राहिला आणि त्याने मोठे काम केले. आपल्याच लातूर जिल्ह्यातले डॉ. तात्याराव लहाने यांनी शिबिरांतून लाखभराहून अधिक लोकांना दृष्टी दिली, हे घरोघरी माहीत आहे. पण शिबिराला आलेली बस संध्याकाळी परत जाते. पडद्याच्या आजाराला तीच बस वर्षातून आठ वेळा आणावी लागेल.

मग एका सुईची किंमत आठ-नऊने गुणून पाहा. वीस-बावीस हजारांची सुई असेल तर पावणेदोन-दोन लाख होतात, एका डोळ्याचे. शेतकरी, मुनीम, निवृत्त शिक्षक यांनी पहिली सुई घेतल्यावर गप्प घरी बसावे यात नवल ते काय! तेव्हा पहिल्या दिवशी 'एक इंजेक्शन केवढ्याला?' हा प्रश्न अपुरा आहे. पूर्ण उपचार कोणत्या औषधाने झेपेल, हे आधी ठरवले पाहिजे. अर्ध्यावर सुटलेल्या महाग औषधाने गुरुजींना काय दिले ते वर सांगितलेच.

या औषधांची जन्मकथा मोठी उद्बोधक आहे. बेव्हॅसिझुमॅब नावाचे औषध (अॅव्हास्टिन हे त्याचे मूळ व्यापारी नाव) २००४ साली अमेरिकेत आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झाले. कर्करोगाची गाठही नव्या वाहिन्या उगवून रक्त ओढते, ते तोडायचे. त्याच कंपनीने डोळ्यासाठी त्याचेच धाकटे भावंड तयार केले, रॅनिबिझुमॅब. ते बाजारात येण्याची वाट पाहत असताना, २००५ मध्ये, मायामीचे नेत्रतज्ज्ञ डॉ. फिलिप रोझेनफेल्ड यांनी विचार केला की थोरल्या भावाचा एक थेंब डोळ्यात टाकून का पाहू नये? गुण आला. २००६ मध्ये रॅनिबिझुमॅबला मंजुरी मिळाली तेव्हा अमेरिकेत त्याच्या एका मात्रेची किंमत सुमारे दोन हजार डॉलर होती, आणि अॅव्हास्टिनचा एक थेंब सुमारे पन्नास डॉलरला पडत होता.

हा फरक कसा पडतो, ते साधे अंकगणित आहे. कर्करोगासाठीच्या बेव्हॅसिझुमॅबच्या छोट्या बाटलीत, जिला आम्ही व्हायल म्हणतो, ४ मिलिलिटर औषध असते. डोळ्याला लागते ०.०५ मिलिलिटर. कागदावर एका बाटलीतून ऐंशी मात्रा निघाव्यात. प्रत्यक्षात सिरिंज भरताना सांडते, उरते, म्हणून वीस-तीस धरा. समजा बाटली वीस हजारांना पडली आणि त्या दिवशी वीस रुग्ण हजर आहेत, तर औषधाचा वाटा माणशी हजार रुपये. रुग्ण चारच असतील तर तोच वाटा पाच हजार. आणि एकटाच असेल तर वीस हजार! म्हणजे स्वस्त औषध स्वस्त राहते ते एकाच दिवशी जमणाऱ्या रुग्णांच्या संख्येवर. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

स्वस्त म्हणजे हलके, असा आपला समज असतो, आणि आम्हा डॉक्टरांपैकीही काहींचा आहे. त्यासाठी अमेरिकेच्या सरकारी नेत्रसंस्थेने पैसे खर्चून दोन्ही औषधांची समोरासमोर तुलना केली. १,२०८ रुग्ण घेतले. आजार म्हातारपणी होणाऱ्या पडद्याच्या झिजेचा. २०११ मध्ये निष्कर्ष छापून आला. एका वर्षाअखेर दर महिन्याला रॅनिबिझुमॅब घेणारे तक्त्यावर सरासरी साडेआठ अक्षरे जास्त वाचू लागले होते, आणि बेव्हॅसिझुमॅब घेणारे आठ. फरक अर्ध्या अक्षराचा. औषधाचा वर्षाचा खर्च मात्र एका बाजूला २३,४०० डॉलर आणि दुसऱ्या बाजूला ५९५ डॉलर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये डोळ्याच्या वापरासाठी बेव्हॅसिझुमॅब आपल्या आवश्यक औषधांच्या यादीत घेतले.

मग त्याच्या खोक्यावर 'डोळ्यासाठी' असे का छापलेले नसते? कारण ज्या कंपनीचे ते औषध त्यांनी ती मंजुरी कधी मागितलीच नाही. घरात दोन म्हशी असताना स्वस्त दुधाची जाहिरात कोण करील? इटलीत तर याचे प्रकरण झाले. तिथल्या स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये रोश आणि नोव्हार्टिस या दोन कंपन्यांना मिळून १८ कोटी २५ लाख युरो दंड ठोठावला; स्वस्त औषधाविषयी संशय पसरवून महाग औषधाचा खप राखल्याचा ठपका होता. २०१९ मध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायपीठाने तो कायम केला. आपल्याकडे हे औषध देताना म्हणूनच वेगळ्या संमतीपत्रावर सही घेतात. ते पाहून घाबरू नये, पण न वाचता सहीही करू नये.

नाण्याला दुसरी बाजू आहे, ती लपवणे बरोबर होणार नाही. तिसरे औषध अफ्लिबरसेप्ट. मधुमेहाच्या सुजेत तिन्हींची तुलना २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांची नजर फारशी उतरलेली नव्हती त्यांना तिन्ही सारखीच लागू पडली. ज्यांना ६/१५ किंवा त्याहून कमी दिसत होते त्यांच्यात पहिल्या वर्षी अफ्लिबरसेप्ट सरस ठरले. मग ज्यांची ऐपत नाही त्यांनी काय करावे? याचे उत्तर २०२२ मध्ये आले. नजर बरीच उतरलेल्या रुग्णांचे दोन गट केले. एकाला सुरुवातीपासून अफ्लिबरसेप्ट, दुसऱ्याला आधी बेव्हॅसिझुमॅब आणि गुण पुरेसा आला नाही तरच अफ्लिबरसेप्ट. दोन वर्षांनी दोन्ही गटांची नजर सारखीच सुधारलेली निघाली. दुसऱ्या गटातील सुमारे सत्तर टक्के डोळ्यांना पुढे महाग औषधावर न्यावे लागले हे खरे, पण स्वस्तापासून सुरुवात केल्याने त्यांचे नुकसान झाले नाही, आणि तीस टक्क्यांचे काम स्वस्तातच भागले. माझा स्वतःचा कल यावरून ठरलेला आहे. ऐपत बेताची असेल तर सुरुवात बेव्हॅसिझुमॅबने करावी, तीन-चार सुयांनंतर तपासणीत सूज किती उतरली ते पाहावे, आणि मग पुढचा विचार करावा. ज्याला एकाच डोळ्याचा आधार आहे किंवा ज्याला नुकताच अर्धांगवायूचा अथवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, त्याचा विचार वेगळा. अशांनी ते तज्ज्ञाला स्वतःहून सांगावे.

मधला मार्गही आता आहे. रॅनिबिझुमॅब मूळ कंपनीकडून लुसेंटिस आणि पुढे आपल्याकडे अॅक्सेंट्रिक्स या नावाने येते. २०१५ मध्ये अहमदाबादच्या इंटास कंपनीने रॅझुमॅब नावाने त्याची देशी आवृत्ती काढली. रॅनिबिझुमॅबची जगातली ती पहिली. नंतर आणखी भारतीय कंपन्या उतरल्या आणि किंमत खाली आली. एक गोष्ट आमच्या धंद्यातली म्हणून सांगतो. खोक्यावर छापलेली किंमत आणि दवाखान्याला औषध पडते ती किंमत यांत पुष्कळदा मोठे अंतर असते. 'छापील किमतीत काही सवलत आहे का?' असे विचारण्यात लाज नाही. औषध, तपासणी, थिएटर आणि डॉक्टरांची फी यांचे आकडे वेगवेगळे लिहून मागावेत. 'पॅकेज' या एका शब्दात सगळे गुंडाळले की कुठे वाचवता येईल ते कळत नाही.

स्वस्ताईची खरी जोखीम कुठे आहे, तेही पाहू. ती औषधापेक्षा बाटली वाटण्याच्या पद्धतीत आहे. एका बाटलीला पुन्हा पुन्हा सुई टोचली, ती फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवली, की जंतू शिरण्याची वाट मोकळी झाली. त्यात भर बनावट मालाची. २०१२ मध्ये अमेरिकेत अॅव्हास्टिनच्या बनावट बाटल्या सापडल्या, त्यांत औषधच नव्हते. आपल्याकडे जानेवारी २०१६ मध्ये गुजरातेतील काही रुग्णांच्या डोळ्यांना अशा इंजेक्शनानंतर इजा झाली आणि देशाच्या औषध नियंत्रकांनी डोळ्यातला वापर थांबवण्याचा इशारा काढला. नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी गरीब रुग्णांची बाजू मांडली, आणि त्याच वर्षी तो मागे घेतला गेला. यातून घ्यायचे ते एवढेच की बिल, बॅच नंबर आणि कंपनीचे नाव फाईलवर असलेच पाहिजे. सिरिंज निर्जंतुक जागेत, त्याच दिवशीच्या रुग्णांसाठी भरलेल्या असाव्यात. बिटाडीनने डोळा धुणे, थिएटरची स्वच्छता, यात पैसे वाचवू म्हणणाऱ्या ठिकाणी पाऊल ठेवू नये. इतकी काळजी घेऊनही दोन-तीन हजार सुयांमागे एखाद्या डोळ्यात जंतू शिरतात. सुईनंतरच्या चार-पाच दिवसांत डोळा ठणकू लागला, लाल झाला, नजर उतरत चालली, तर रात्र असो की पोळ्याचा सण, त्याच वेळी डॉक्टरला गाठावे. 'सकाळी पाहू' म्हणण्यात डोळा जातो.

औषधे दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. हैदराबादहून किंवा पुण्याहून औषध 'स्वस्तात मिळाले' म्हणून कापडी पिशवीत घालून आणणारे लोक मी पाहिले आहेत. एकाने तर बर्फात पुरून, गोठवून आणले होते. गोठलेले औषधही वायाच. आणायचेच असेल तर दुकानदाराकडून थंड डब्यात, पण बर्फाला थेट टेकणार नाही असे बांधून घ्यावे. खरे तर जिथे इंजेक्शन घ्यायचे तिथेच औषध घेतलेले बरे.

औषधाच्या बरोबरीने वाटखर्चही माणसाला खातो. नांदेडचा माणूस पडद्याच्या इलाजाला हैदराबादला जातो, लातूरचा सोलापूर, पुणे किंवा हैदराबादला. सोबत मुलगा किंवा जावई, त्याची बुडालेली मजुरी, राहणे, जेवण. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास २०२२ पासून मोफत आहे, पण ती सवलत राज्याच्या हद्दीपुरती. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत १९८७ पासून ऐपत नसलेल्यांवर विनामूल्य उपचार होतात, ही मोठीच सोय. परंतु वर्षातून आठ खेपा करायच्या म्हटल्यावर फुकटचा इलाजही महाग पडतो. आता नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये आणि लातुरातही पडद्याचे तज्ज्ञ बसतात, तेव्हा पहिला सल्ला मोठ्या ठिकाणी घेऊन पुढच्या सुया गावाजवळ घेता येतील का, हे त्या मोठ्या डॉक्टरांनाच विचारावे. बहुतेक जण आनंदाने चिठ्ठी देतात. दोन्ही डोळ्यांना सुई लागणार असेल तर एकाच दिवशी दोन्ही करता येतात. प्रत्येक डोळ्याची तयारी आणि औषध मात्र वेगवेगळे हवे. पडद्याचा ओसीटी फोटो सूज मोजण्यासाठी लागतोच. पण मागचे फोटो जपून नेले तर तोच फोटो आठवड्यात दोनदा काढावा लागत नाही.

लेसरला लोक 'जुना इलाज' समजून नाक मुरडतात. तसे करू नये. पडद्यावर कच्च्या वाहिन्या फुटल्या असतील तर इंजेक्शन आणि लेसर दोन्ही मार्ग आहेत. इंजेक्शनचा गुण चांगला, पण रुग्ण मध्येच यायचा थांबला तर वाहिन्या दुप्पट जोराने फुटतात, पडदा ओढला जातो. लेसर दोन-तीन बैठकांत पुरा होतो आणि त्याचा परिणाम टिकतो. किनवट-माहूरच्या ज्या आजीला दर महिन्याला आणायला घरात कोणी नाही, तिच्यासाठी मी लेसरच निवडीन. दीर्घ काळ टिकणारी स्टिरॉइडची गोळीही डोळ्यात बसवतात, ती तीन-चार महिने चालते. मात्र तिने डोळ्याचा दाब वाढू शकतो आणि मोतीबिंदू लवकर येतो. ज्याच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले आहे आणि दाब ठीक आहे, त्याला ती कधी कधी फायद्याची पडते.

विमा असलेल्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. पूर्वी विमा कंपन्या 'चोवीस तास भरती नव्हता' म्हणून हे इंजेक्शन नाकारीत. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये ज्या बारा आधुनिक उपचारांना पॉलिसीतून वगळता येणार नाही असे सांगितले, त्यांत डोळ्यातील इंजेक्शनचा स्पष्ट उल्लेख आहे. ऑक्टोबर २०२० पासून तो नियम जुन्या पॉलिसींनाही लागू झाला. कंपनी रकमेची मर्यादा घालू शकते, म्हणून ती मर्यादा आधी विचारावी आणि सुईपूर्वी लेखी मंजुरी घ्यावी. दावा फेटाळला तर कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात समाधान झाले नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येते. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.

राहिली सरकारी योजना. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत नांदेड होते. लातूरला ती पुढच्या वर्षी आली. २०१७ पासून तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, आणि आता आयुष्मान भारतशी जोडून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे संरक्षण. आकडा मोठा आहे. पण योजना ठरलेल्या पॅकेजवर चालते, आणि पॅकेज म्हणजे एक आजार, एक भरती, एक ऑपरेशन. वर्षातून आठदा, अर्ध्या तासासाठी येणारा रुग्ण या साच्यात नीट बसत नाही. तरीही निदानाची चिठ्ठी घेऊन आरोग्यमित्राला भेटावे, किंवा १५५३८८ या मोफत क्रमांकावर विचारावे. पडद्याचे लेसर किंवा ऑपरेशन लागणार असेल तर खासकरून.

माझे खरे मागणे इथून पुढे आहे, आणि ते वर सांगितलेल्या बाटलीच्या हिशेबावर उभे आहे. नांदेडला विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. दोन्हीकडे नेत्रविभाग, थिएटर, शिकणारे डॉक्टर, सारे आहे. या दोन्ही ठिकाणी पंधरा दिवसांतून एक ठरलेला 'सुईचा वार' असावा. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांनी, उदगीर-अहमदपूर-निलंग्याच्या आणि देगलूर-भोकर-किनवटच्या नेत्रतज्ज्ञांनी आपले रुग्ण त्याच दिवशी पाठवावेत. वीस-पंचवीस रुग्ण जमले की एक बाटली पुरते आणि माणशी खर्च हजाराच्या आसपास येतो. एवढी रक्कम रुग्ण स्वतः देईल, नाही तर एखादे लायन्स-रोटरी मंडळ देईल, नाही तर जिल्हा नियोजनातून निघेल. खासगीत बसणाऱ्या आम्हा लोकांनाही हे करता येण्यासारखे आहे. पाच जणांनी पाच वेगळ्या दिवशी पाच बाटल्या फोडण्यापेक्षा एका थिएटरमध्ये एका दिवशी एक फोडावी. यात कोणाचा मोठा तोटा नाही, थोडा अहंकार बाजूला ठेवावा लागेल इतकेच. मी हे आमच्या काही सहकाऱ्यांपुढे मांडले. दोघांनी लगेच होकार दिला, एकाने 'बघू' म्हटले. आपल्याकडे 'बघू'चा अर्थ काय होतो ते वाचक जाणतात.

साखर आणि रक्तदाब यांविषयी या सदरातून अनेकदा लिहून झाले आहे, म्हणून इथे एकच आकडा देतो. इंग्लंडमध्ये मधुमेह्यांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष १९९८ साली आले, रक्तदाब काटेकोर ठेवलेल्यांत पडद्याचा आजार बळावण्याचे प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी निघाले. रक्तदाबाची साधी गोळी काही रुपयांना मिळते. मधुमेह असलेल्या प्रत्येकाने नजर चांगली असली तरीही वर्षातून एकदा बुबुळ मोठे करणारे थेंब टाकून पडदा तपासून घ्यावा. मध्यभागी सूज येण्याआधी सापडलेल्या आजारावर सर्वांत कमी खर्च होतो.

गुरुजींच्या डाव्या डोळ्याची गोष्ट सांगायची राहिली. तोही सुजू लागला होता, पण वेळेत सापडला. या वेळी आम्ही दोघांनी कागदावर हिशेब मांडला: वर्षाला आठ सुया धरून, बेव्हॅसिझुमॅब, जिल्ह्याच्या ठिकाणी, एसटीचे अर्धे तिकीट, ओसीटीचे पैसे. आकडा गुरुजींनी दोनदा तपासला, गणिताचे शिक्षक ते! मग म्हणाले, "हे जमतंय." आतापर्यंत चार सुया झाल्या आहेत. त्या डोळ्याने ते चष्मा लावून वर्तमानपत्र वाचतात. पाचवीची तारीख त्यांनी कॅलेंडरवर सोयाबीनच्या काढणीच्या नोंदीशेजारी लिहून ठेवली आहे.